काकांचा हात बाबांच्या पोटावर उतरलाच नाही

भुतंखेतं, अंगात येणं, उतारे... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. राजापेठेत क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवते मी. आणि आमच्या घराण्यात मूर्खांची कमी नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

बाबांची ओपन हार्ट सर्जरी झाली. छातीचं हाड जुळलं, पण टाक्यांच्या खालच्या टोकाला, बेंबीच्या वर, खोकलं की फुगा यायचा. सर्जन म्हणाले — हर्निया आहे, आतली शिवण सुटलीय. ऑपरेशन होईपर्यंत वजन उचलू नका. बाबांनी काय उचलावं? भरलेलं गॅस सिलिंडर! धन्य आहे.

त्या दुपारी काकूचा फोन आला म्हणून घरी धावले. बाबा दिवाणावर घामाघूम, उलट्या चालू, फुगा दगडासारखा टणक. आणि शेजारी कोमट तेल घेऊन बसलेले त्यांचे धाकटे भाऊ, आमचे अकोल्याचे काका! सरकलेली बेंबी बसवण्यात स्वतःला मोठे धन्वंतरी समजतात. याच माणसानं स्वतःच्या पोराचं अपेंडिक्स चोळलं होतं. पोरगा मरता मरता वाचला. तेव्हापासून आई त्यांना कोणाच्या पोटाला हात लावू द्यायची नाही. "भाऊजी, बस झालं," म्हणत मनगटच धरायची. कडबा कापताना तिची करंगळी अर्धी गेली होती, पण पकड अशी की काका गप्प हात मागे घ्यायचे. आई आता नाही.

"काका, हात लावू नका! आतडं अडकलं असेल!" मी ओरडले.

"तुले काय समजते व? बेंबी सरकली हाये. आत्ता बसवतो."

हात खाली आला... आणि पोटाच्या वीतभर वर थांबला. काका जोर लावत होते, शिरा तटतटल्या होत्या.

"माहा हात खाली जाऊनच नाई राहिला!"

काकूनं लगेच हात जोडले. मला वाटलं, नाटकं! संतापून मनगट ओढायला गेले, आणि चटका बसल्यासारखी मागे सरले. मग भानावर येऊन ऑटो बोलावला.

"चोळलं असतं तर आतडं फुटलं असतं," सर्जन म्हणाले. बाबा वाचले. आणि काका आता अख्ख्या अकोल्यात सांगत फिरतात, "माह्या हातालेच समजलं, इथं दाबाचं नाई!" निर्लज्जपणाची हद्द झाली. लोक पोटं घेऊन रांगेत बसतात म्हणे. गाढवं सगळी.

घाबरले असतील, स्नायू आखडला असेल... सगळी कारणं लावून पाहिली. पण मी ते मनगट धरायला गेले ना, तर तिथं हात ठेवायला जागाच नव्हती. कोणीतरी ते आधीच घट्ट धरलेलं होतं. दिसलं काहीच नाही. माझ्या हाताला फक्त बोटं लागली — गार, खरबरीत.

करंगळी अर्धीच होती.