वसंतभाऊंच्या गाडीतला एसी

चार माणसं रोज संध्याकाळी एकाच ओसरीवर बसली की किस्से आपोआप साचतात. सिंदी मेघेतल्या आमच्या बैठकीत निम्मे किस्से वसंतभाऊंच्या गाडीचे आहेत. भाऊ कारकुनीतून रिटायर झाले आणि जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, गॅस, बेसिन असं घर थाटलं. जन्मभर भरल्या घरात संसार झाला, आता फक्त दोघांनी देश फिरायचा, एवढीच त्यांची इच्छा. वहिनींची अट एकच: "एसी चालला तं येते, नाई तं तुम्हीच जा."

*

एसी आधी इन्व्हर्टरवर लावला. कॉम्प्रेसरनं एक आचका दिला आणि इन्व्हर्टर टीं टीं करून बंद. आमचे फिजिक्सचे पुरुषोत्तम सर म्हणाले, "एसीले सुरू व्हायलेच लय करंट लागते. एकदा चालला की मग कमीत भागते."

"मंजे आमच्या साहेबासारखं," भाऊ म्हणाले. "खुर्चीतून उठवाले सारं ऑफिस लागे."

*

मग छोटा पेट्रोल जनरेटर आला. सरांच्या सल्ल्यानं तो गाडीच्या मागे, एसीच्या बाहेरच्या युनिटखालीच बसवला. त्याची सगळी गरम हवा युनिटमध्ये! आत एसी चालू आणि आम्ही घामानं चिंब. सर म्हणाले, "थोडा टाइम द्या."

वहिनी दार उघडून उतरल्या. "एवढं गरमच पाह्यजे होतं, तं घरी काय वाईट होतं?"

*

जनरेटर पुढच्या बंपरवर हलवला, तरी दुपारी युनिट तापायचंच. शेवटी भाऊंनी घरच्या कूलरची वाळ्याची ताटी काढून युनिटमागे बांधली आणि वरून पंपानं पाणी सोडलं. गाडी खरंच गार झाली. घरातला कूलर मात्र ताटीवाचून गरम हवा फेकू लागला, तेव्हा वहिनी आपणहून गाडीत राहायला आल्या.

*

सेवाग्रामच्या रस्त्यावर ट्रायल घेतली. झाडाखाली जनरेटर धडधडत होता. एक बाई पिशवीभर मिरच्या घेऊन आल्या. "भाऊ, हळद बी दळून देता का?"

भाऊंनी सगळं समजावून सांगितलं. बाईंनी आत डोकावून पाहिलं. "इतका आवाज करून नुसती हवा?"

*

मग रोहण्याला, वहिनींच्या माहेरी. तिथून दोघं पुढं पचमढीला जाणार होते. सर आणि मी निरोप द्यायला मागून मोटरसायकलवर गेलो. गावात लाइट नव्हती, वहिनींची आई उकाड्यानं हैराण. भाऊ अदबीनं म्हणाले, "आत्याबाई, घडीभर गाडीत पडा."

आत्याबाई छान झोपल्या. उठल्यावर त्यांनी घरातून आपली कपड्यांची पिशवी मागवली, पलंगावर मांडी घातली आणि म्हणाल्या, "चाला जावईबापू. मी तयार हाव."

वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला तर भाऊंचा चेहरा बघवेना. जावयानं सासूला 'उतरा' म्हणायचं तरी कसं? "जनरेटर पाहून येतो," म्हणत भाऊ पुढं गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तो बंद केला. एसी थांबला. भर दुपारी आम्ही तिघं उन्हात उभं राहून वाट बघत होतो.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

"बरं केलं जावईबापू. मले थंडीच वाजून राह्यली होती."