निळ्यावर पिवळं

आज अकोल्याच्या घरासमोर वर्षश्राद्धाचं बॅनर लागलं. ज्यांच्या नावाचं आहे, त्यांनाच ते वाचता आलं नसतं.

गडद हिरव्यावर लाल अक्षरं. माझ्या धाकट्या दिराने बनवून घेतलं.

माझे मिस्टर, प्रशांत. त्यांना लाल आणि हिरवा एकच दिसायचा. जन्मापासून. लग्नाआधी त्यांनी मला सांगितलं होतं, मला त्यात काही वाटलं नाही. शर्ट मी काढून द्यायची, बास.

अमरावतीला सॉफ्टवेअरमध्ये होते. कोड लिहायच्या एडिटरमध्ये नवी ओळ हिरवी दिसते, काढलेली लाल. यांनी सेटिंग्जमध्ये शिरून सगळं बदललं. हिरव्याच्या जागी पिवळा, लालच्या जागी निळा. सुट्टीच्या दिवशी तेच करत बसायचे.

मी म्हणायची, "घराच्या भिंतीचा रंग उडाला अन् तुमी स्क्रीनले रंग देऊन राहिले."

"भिंत चुकली तं कोनी नोकरीवरून काढत नाही," म्हणायचे.

मग नवीन टीम लीड आले. सगळ्यांचे एडिटर सारखे पाहिजेत, कोणालाही कोणाच्याही मशीनवर बसता आलं पाहिजे. डिफॉल्ट म्हणजे डिफॉल्ट, मूळचे रंग तेच ठेवायचे.

यांचे रंग पुसले गेले.

एक वाक्य बोलायचं होतं. सर, मला लाल-हिरवं कळत नाही. कोणी फाशी दिली नसती.

पण तेव्हाच दिराचं लग्न मोर्शीला जमत होतं, आणि ऑफिसात मोर्शीची पोरं होती. सासूबाईंनी फोनवर बजावलं, "तिथं काही बोलू नको बरं. रक्तातच आहे म्हनतीन, मंग कोन पोरगी देईन आपल्याले?"

हे गप्प बसले. आमच्याकडे मोठा मुलगा गप्पच बसतो.

एका दुपारी यांनी काढायच्या ओळी ठेवल्या, ठेवायच्या काढल्या. क्लायंटचं काम ठप्प. टीम लीडने सगळ्यांसमोर विचारलं, "एवढं लालभडक दिसत नाही का तुम्हाला?"

हे म्हणाले, "लक्ष नव्हतं सर."

लक्ष नव्हतं म्हणून काढून टाकलं. अमरावतीत गोष्ट पसरायला काय लागतं. दुसरीकडे कोणी घेतलं नाही.

दिराचं लग्न थाटात झालं. फेटा कोणता घालू, हे यांनी मलाच विचारलं.

थोड्याच महिन्यांत अटॅक आला. डॉक्टरांनी विचारलं, काही टेन्शन होतं का? सासूबाई म्हणाल्या, नाही.

आता कोणाचं लग्न मोडायचं राहिलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. सासूबाईंना राग येईल. येऊ द्या. मलाही येतो, रोज.

भाऊजी, तुम्हाला तर माहीत होतं ना.

बॅनर काढा असं म्हणत नाही. लोक येता-जाता वाचताहेत, त्यांना दिसतं.

या पोस्टखालचा श्रद्धांजलीचा फोटो मी बनवला आहे. यांच्याच घरच्या लॅपटॉपवर. त्यात अजून तेच रंग आहेत, निळा आणि पिवळा.

प्रशांत, भावपूर्ण श्रद्धांजली.

तुमाले वाचता येईन असं केलं आहे.