पहिला थर

मळभ दाटलं होतं, वारा अगदीच पडलेला. थरवाल्या बाई आठच्या आधीच कचेरीत आल्या आणि त्यांनी संगणकावर रात्रभर चाललेल्या गणिताचे आकडे पडद्यावर ओढले. उथळ असो की खोल, समुद्राचे चाळीस थर पाडायचे आणि थराथराचं तापमान बघायचं, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या. नाव त्यावरूनच पडलेलं. पहिला थर म्हणजे सगळ्यात वरचा, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं.

गेल्या महिन्यात हे गणित करणारं नवं मॉडेल आलं. तेव्हापासून वरचं पाणी भलतंच गार दिसे, आणि बंदराबाहेर तरंगत पाण्याचं तापमान मोजणारा बोया सात अंश जास्त सांगे. बाईंनी बेधडक शेरा मारला, बोया बिघडलाय. यंत्रं सांभाळणारा मिस्त्री दोनदा होडीतून गेला. त्याला होडी लागते. ओकत ओकत त्याने थर्मामीटर बदलला, फरक जसाच्या तसा. मग साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत कामचुकार म्हटलं. शेजारी बसून बाईंनी मान डोलावली होती.

आज कशासाठी तरी त्यांनी मॉडेलची माहितीपुस्तिका उघडली. तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं, थरांची मोजणी तळापासून. म्हणजे महिनाभर त्या तळाचं पाणी वरचं म्हणून वाचत होत्या. चाळिसावा थर लावून बघितला. बोयाशी तंतोतंत जुळला.

गुपचूप आकडा बदलला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण आपली ती डोलणारी मान काही नजरेपुढून हलेना.

मिस्त्री खाली स्क्रू निवडत बसला होता.

“तुमचा बोया ठीकच होता. मीच मोजणी उलटी धरली.”

त्याने मान वर केली नाही. “म्हणजे बाई, महिनाभर समुद्र खाली डोकं वर पाय?”

“हो.”

“घरी येऊन सांगाल का? बायको मला म्हणते, तुम्हाला साधा थर्मामीटर बसवता येत नाही.”

“येईन.”

त्याला सोबत घेऊन त्या वर गेल्या आणि भरल्या खोलीत साहेबांना सगळं सांगितलं. साहेब हसले.

“अहो, होतं असं कधीकधी.”

मिस्त्रीकडे त्यांनी पाहिलंही नाही. तो आला तसा जिना उतरून गेला. बाईंना वाटलं, मलाही कामचुकार म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तेवढं बोलायला तोंड उघडलं, तोवर साहेबांनी दुसरा विषय काढला होता.

त्या जागेवर आल्या. वरच्या पाण्याचे रोज काढलेले, महिन्याचे तीस नकाशे चुकले होते. पहिल्या तारखेचा उघडला आणि थराचा आकडा खोडून चाळीस लिहिला.