अर्ध्या तासाचा फरक

त्या मुलीचं प्रकरण आठवलं की आजही मी बसल्या जागी चुळबुळायला लागतो. बायको विचारते, "पाठ धरली का?" मी हो म्हणतो. पंचवीस वर्षं सिडनीच्या पश्चिम भागात पोलिसाची नोकरी केली. घरफोड्या पाहिल्या, नवरा-बायकोची भांडणं सोडवली, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडलं. आणि स्वस्थ बसू देत नाही ते हेच एक प्रकरण, ज्यात गुन्हाच नव्हता.

जुलैतली कडक थंडी होती. सकाळी ड्यूटीवर येऊन चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच सार्जंटची हाक आली, "मेट, युअर ऑन्टी इज हिअर." ठाण्यात भारतीय असा मी एकटाच, त्यामुळे गव्हाळ चेहरा दिसला की तो माझ्याकडे. एकदा त्याने फिजीचे एक आजोबाही माझ्या स्वाधीन केले होते. या वेळी मात्र काउंटरवर खरोखरच मराठी बाई उभ्या होत्या. टूनगॅबीत राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, आणि मी उघड्यावर चहा पितोय याचा राग आलेल्या.

"साहेब, माझी मुलगी पाच दिवस फोन उचलत नाहीये. तुमचा चहा झाला असेल तर बोलू."

चहा अर्थातच राहिला. मुलगी सव्वीस वर्षांची, एकुलती एक. इथे युनिव्हर्सिटी करून दीड वर्षापूर्वी कोरियातल्या एका समुद्रकाठच्या शहरात इंग्रजी शिकवायला गेलेली. तिकडे शाळा सुटल्यावर मुलं खासगी क्लासला जातात, त्या क्लासात ती शिकवत होती. "प्रोफेसर आहे ती तिथे," बाई म्हणाल्या. मी 'शिक्षिका' असं लिहिलं. त्यांनी वाकून वाचलं आणि नाक मुरडलं.

जबाब रीतसर घेतला. शेवटचा फोन रविवारी सकाळी नऊला. गेले तीन महिने व्हिडिओ नाही, नुसता आवाज, कारण कॅमेरा बिघडलेला. त्या दिवशीही मागे पंख्याची घरघर चालू होती. नेहमीप्रमाणे आईने विचारलं, तुझ्याकडे किती वाजले? मुलगी म्हणाली, साडेआठ, आत्ताच उठलेय. मग बोलता बोलता फोन कट झाला आणि तेव्हापासून बंद.

हे सगळं मी माझ्या हाताने टाइप केलं, बाईंना वाचून दाखवलं, दोघांनी सह्या केल्या. उत्तर त्या कागदावर होतं. आम्हा दोघांनाही ते दिसलं नाही.

परदेशात हरवलेली व्यक्ती म्हणून फाइल वर पाठवली. तिकडच्या वकिलातीमार्फत चौकशी सुरू झाली. माझ्या डोक्यात मात्र एकच चित्र फिरत होतं : परका देश, रात्रीचे क्लब, दारू आणि एकटी मुलगी. मला स्वतःला मुलगी आहे, म्हणून हे चित्र फारच ठळक होतं. पोलिसाने बाप होऊन तपास करू नये, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. स्वतःला शिकवायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली. तिच्या आईच्या ओळखीतून कळलं, की त्याच क्लासात शिकवणारा एक मराठी मुलगा दोन महिन्यांपूर्वी सिडनीला परत आलाय. त्याला ठाण्यात बोलावलं. इथेच वाढलेला, हुडी घातलेला, बोलताना अर्धं मराठी अर्धं इंग्रजी. चौकशीच्या खोलीत बसवून मी त्याच्यावर अशी नजर रोखली, जी एके काळी अट्टल चोरांवर चालायची.

"रात्री कुठे जायचात?"

"अंकल, सगळीकडे. नऊला क्लास सुटतो. रूम एवढीशी, बेडवरून हात लांब केला की फ्रिज उघडतो. त्या रूममध्ये कोण बसणार? मग बाहेर. आधी जेवण, मग दुसरीकडे बिअर, मग गाण्याची खोली."

"गाण्याची खोली म्हणजे?" मी पेन सरसावलं.

"कॅरिओके, अंकल. तासावर रूम मिळते. सोफा, माइक, टेंबरीन. दॅट्स इट."

"ती काय करायची तिथे?"

"टेंबरीन वाजवायची. गायची नाही कधी."

मी 'टेंबरीन (खंजिरी)' लिहून घेतलं. पुढे कोर्टात लागलं तर असावं म्हणून.

"मग? त्यानंतर?"

"त्यानंतर बेसमेंटमधला क्लब. पहिली ट्रेन साडेपाचला, तोपर्यंत कुणी घरी जात नाही. गेलात तर बोअरिंग. आमच्यात सगळे तसेच. आयरिश, कॅनेडियन, साउथ आफ्रिकन. एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की जातात. दर शुक्रवारी कुणाची तरी फेअरवेल. आज ज्याच्या गळ्यात पडून रडलात, पुढच्या महिन्यात त्याचं आडनाव आठवत नाही." तो हुडीची दोरी ओढत राहिला. "शेवटी शेवटी ती आत यायचीच नाही. समोरच्या दुकानाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून फोन बघायची. म्हणायची, आईला सांगितलंय मी टेस्टपेपर तपासतेय."

"दारू? ड्रग्ज? कुणी मागे लागलं होतं?"

"अंकल, प्लीज. शी वॉज जस्ट टायर्ड."

"मग तू तिला सोडून आलास कसा?"

"सोडून? मी निघालो त्याच्या आधी ती गेली ना! काही पालकांना त्यांच्या कल्पनेतली टीचर हवी होती, गोरी. क्लासने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. मला वाटलं दुसऱ्या क्लासात लागली असेल. मेसेजला रिप्लाय नव्हता." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे बारा झाले होते. "तिथे आत्ता अकरा वाजलेत. क्लास दोनला भरतात. दोनला फोन केलात तर कुणीतरी सांगेल."

मी मान डोलावली. आणि ती अर्ध्यातच थांबली.

"अकरा का? साडेअकरा ना?"

"नाही अंकल. कोरिया एक्झॅक्टली एक तास मागे. हाफ अवर वगैरे नसतं तिकडे."

मी जबाबाचा कागद काढला. आपल्याकडे नऊ, तिच्याकडे साडेआठ.

इथला कुणी गोरा कॉन्स्टेबल असता तर तो अर्धा तास त्याला पहिल्याच वाचनात टोचला असता. आम्हाला नाही टोचला, कारण आमचं सगळं आयुष्य अर्ध्या तासाच्या हिशेबात गेलेलं. पुण्यात आईला फोन करायचा तर हिवाळ्यात साडेचार तास मागे मोजायचे. देश म्हटलं की अर्धा तास आलाच, हे आमच्या हाडात मुरलेलं. त्या बाईंना आणि मला, दोघांनाही त्या साडेआठमध्ये काही वावगं वाटलं नाही.

सिडनीच्या अर्धा तास मागे दोनच मोठी शहरं, अॅडलेड आणि डार्विन. जुलैत अॅडलेडला दात वाजतात, तिथे सकाळी पंखा कोण लावेल? डार्विन मात्र बारा महिने गरम. मी देशात येणाऱ्यांची नोंद मागवली. हे पहिल्याच दिवशी करायचं काम. पण आई म्हणाली कोरिया, मीही धरलं कोरिया. नोंद आली. मुलगी साडेतीन महिन्यांपूर्वीच ऑस्ट्रेलियात उतरली होती. डार्विनच्या पोलिसांनी पत्ता शोधून संध्याकाळच्या आत तिचं दार ठोठावलं. मुलगी सुखरूप होती, तिथल्या एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर काम करत होती.

तिने त्यांच्याच फोनवरून मला फोन केला.

"काका, आईला सांगू नका. प्लीज."

"अगं, ती पाच दिवस जेवली नाहीये धड."

"माहितीये मला. पण तिने सगळ्यांना सांगितलंय, मुलगी प्रोफेसर आहे. मी कुठल्या तोंडाने सांगू की मला काढलं? म्हटलं, आधी काहीतरी नीट करते, मग सांगते. डार्विन निवडलं कारण वेळ जवळपास कोरियाचीच. तिने कधीही फोन केला तरी खोटं बोलायला सोपं. रविवारी ती म्हणाली, आम्ही भिशीतल्या सहा जणी तुझ्याकडे येतोय, तिकिटं काढली. मी फोन कट केला आणि परत चालूच केला नाही."

नियम स्पष्ट आहे. सज्ञान माणूस सुखरूप सापडला आणि नको म्हणाला, तर त्याचा ठावठिकाणा घरच्यांनाही सांगता येत नाही. नियम चांगला आहे. मारहाणीतून पळालेल्या कितीतरी बायका त्याच्यामुळे जिवंत आहेत. पण दुसऱ्या दिवशी त्या बाई माझ्यासमोर बसल्या तेव्हा मला तो नियम बुटात गेलेल्या खड्यासारखा वाटला.

"ती सुखरूप आहे, ताई. कुठे आहे ते सांगता येत नाही. तिची इच्छा नाहीये."

त्या रडतील असं मला वाटलं होतं, म्हणून टिश्यूचा डबा पुढे सरकवून ठेवला होता. त्यांनी तो बाजूला केला.

"आजारी आहे?"

"नाही."

"कुणाबरोबर पळून गेलीये?"

"नाही हो."

"तिला भेटायला जायचं तर पासपोर्ट लागेल?"

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. कॉम्प्युटर बंद होता.

"नाही लागणार," त्या स्वतःशीच म्हणाल्या. इतकी वर्षं लोकांची तोंडं उघडवण्याचा पगार घेतला आणि या बाईंनी माझं तोंड न उघडताच जबाब काढला. पुढचा प्रश्न आता येणार म्हणून मी खुर्चीत अंग आवळून बसलो. तो आला नाही. त्या बराच वेळ हातातल्या पर्सची चेन उघडत-लावत राहिल्या.

"माझ्या तिकिटांमुळे झालं ना हे? त्यानंतरच फोन बंद झाला. तिला एक निरोप द्याल? तो तरी नियमात बसतो ना?"

"बसतो."

"सांगा, सहल रद्द केली. बायकांना मी सांगितलंय की माझे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी विमानात बसू नको म्हटलंय. तिच्याबद्दल कुणाला काही बोलले नाही, बोलणारही नाही. बास, एवढंच."

आणि त्या उठून तरातरा चालत गेल्या. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं.

मी डार्विनला, मुलीच्या तिथल्या नंबरवर फोन लावला, निरोप शब्दशः वाचून दाखवला. पलीकडे पंख्याची घरघर चालू होती.

"आई खोटं बोलली?" मुलगी म्हणाली. "भिशीतल्या बायकांशी?"

"हो."

"तिला ते मुळीच जमत नाही, काका. पकडली जाणार ती." ती हसायला लागली, मग नाक ओढल्याचा आवाज आला. "तिला माझा इथला नंबर द्या. नाही, थांबा. देऊ नका. मीच करते. आत्ताच करते."

मी फाइल बंद केली. शेऱ्यात लिहिलं, 'व्यक्ती सुखरूप, कुटुंबाशी संपर्क झाला.' सार्जंट म्हणाला, गुड जॉब. त्यात माझं काम फारसं नव्हतं. मी दोन दिवस एका मुलीला क्लबांमध्ये शोधत होतो, आणि ती हरवली होती ती आईला अभिमान वाटावा म्हणून. त्यानंतर कुणी हरवल्याची तक्रार घेऊन आलं, की मी आधी विचारायचो, तुम्ही त्या माणसाबद्दल लोकांना काय सांगून ठेवलंय? जबाबाच्या छापील फॉर्ममध्ये हा प्रश्न नाही. निवृत्त झालो त्या दिवशी घरी येऊन मी तो स्वतःलाच विचारला, आणि ब्रिस्बेनजवळ, स्प्रिंगफील्ड लेक्सला राहणाऱ्या माझ्या मुलीला फोन लावला. ओळखीतल्या सगळ्यांना मी तिला मॅनेजर म्हणून सांगत आलोय. ती काय काम करते, ते तिला पहिल्यांदा नीट विचारलं.