बापाचं नाव विचारा

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शारजातल्या एका पोलीस ठाण्यात मी हवालदार होतो, काम मुख्यतः दुभाष्याचं. शिक्षण आठवी नापास. वर्दी, खोली, कुटुंबाचा व्हिसा, सगळं त्या देशानं दिलं. ते उपकार विसरलो नाही, आणि हे सगळं एका सहीनं जाईल ही धाकधूकही कधी सुटली नाही.

खबर शहरातल्या रोल्ला भागातल्या, गाड्या भाड्यानं देणाऱ्या दुकानातून आली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीनं एका इटालियन गिऱ्हाइकानं मजुराला उडवलं होतं. मजूर मेला, गिऱ्हाईक देश सोडून पळालं. आता त्याच नावाचा माणूस गाडी मागायला आला होता. फाइलमध्ये जुनी भाडेपावती होती, तिच्यावर नाव आणि देश, बस्स. दुपारपर्यंत हमरियाच्या कारखान्यांच्या वस्तीतून आम्ही त्याला आणला. दगड कापायची मशिनं बसवणारा मेकॅनिक. पासपोर्ट कोरा, नुकताच काढलेला. मुलाझिमसाहेबांना, म्हणजे आपल्याकडच्या फौजदारांना, तो पासपोर्टही संशयास्पदच वाटला.

"पावतीवरचं नाव तुझं?"

"माझं."

"गाडी तू चालवत होतास?"

"नाही."

"मग कोण?"

गप्प. तीन तास गप्प.

"नाव जुळलं, खलास," साहेब म्हणाले. "उद्या फाइल सरकारी वकिलाकडे."

माझा अनुभव असा, की गुन्हेगार फार बोलतो. जो गप्प बसतो तो बहुतेक दुसऱ्याला झाकत असतो. मी चहा घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे जमलं. मी केसबद्दल काही न विचारता नावांच्या गप्पा काढल्या. तो खुलला. रॉस्सी म्हणजे तांबड्या केसांचे, बियांकी म्हणजे गोरे, फेरारी म्हणजे लोहार.

"आमच्याकडे पण गोरे आहेत, लोहार आहेत," मी म्हणालो. तो हसला. "आणि तुझं एस्पोझितो?"

हसू गेलं. "उघड्यावर ठेवलेलं. नेपल्सला अनाथाश्रमाच्या दारात सोडलेल्या पोरांना हे आडनाव द्यायचे. आमचा कुणी पूर्वज तसाच. त्याचा बाप कोण, माहीत नाही."

"आणि पहिलं नाव?" ते इथे लिहीत नाही. अर्थ तारणारा.

"आजोबांचं."

माझा चहा हातातच राहिला. आमच्या कोकणातल्या घरात प्रत्येक भावाच्या थोरल्याला आजोबांचं नाव. आम्ही तिघे चुलतभाऊ एकाच नावाचे. आया सासऱ्यांचं नाव घेत नसत, म्हणून घरी बाबू, दादू, बाळा. शाळेच्या हजेरीत मात्र बापाच्या नावानं वेगळे.

"तुझ्या काकांच्या थोरल्यालाही तेच नाव?"

त्यानं कप खाली ठेवला. चार बोटं दाखवली, म्हणजे चौघे एकाच नावाचे. "मी कुणाचं नाव सांगणार नाही."

"अरे बाबा, नाव तेच आहे. सांगायचं काय त्यात?"

सरळ साहेबांपुढे उभा राहिलो. "पळालेल्या माणसाचा व्हिसाचा अर्ज मागवा. त्यात बापाचं नाव असतं."

"नाव जुळलंय ना?"

शेजारचा बलुची हवालदार खिदळला. "क्या बात है मास्टर, वकील बन गया?"

मी थांबलो नाही. "साहेब, तुमच्या नावात बाप आहे, आजोबा आहे. माझ्या नावात बाप आहे. याच्या पासपोर्टात नाही, म्हणून हा खुनी?"

"चुकलास तर?"

"तर माझा व्हिसा रद्द करा."

घरी बायको रडली. बॅगा काढू का, म्हणाली. मी म्हटलं, काढ. पण मागे फिरणार नाही.

फाइल थांबली. तिसऱ्या दिवशी अर्ज आला. फोटो अंधुक, चेहरा घराण्याचाच. बापाचं नाव मात्र मेकॅनिकच्या अर्जातल्यापेक्षा वेगळं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि मेकॅनिकला सोडायचा कागद लिहायला घेतला. पळालेल्याच्या नावापुढे त्याच्या बापाचं नाव घालून नवा शोध सुरू केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यल्ला, चल वकीलसाहेब, चहा सांग." आठवी नापास माणसाचं ऐकून घेणारा तो साहेब. त्याचे आभार मी आजही मानतो.

पुढे नोकरी संपेपर्यंत मी एकच हट्ट धरला, आणि त्यासाठी बोलणीही खाल्ली: नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही. आधी बापाचं नाव विचारा. ज्याचं आडनावच सांगतं की बाप माहीत नाही, तो माणूस बापाच्या नावानं सुटला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.