बायडाबाईनं उठवलेली हडळ

शाहू महाराज गादीवर येऊन काही वर्षं झाली होती आणि प्लेगानं मुलूख झोडपून काढला होता, त्या सुमाराची ही गोष्ट. कागलजवळच्या एका गावात बायडाबाई राहायची. हाताची भारी चलाख. गावात लग्न निघालं की पुरण वाटायला पहिलं बोलावणं तिला. अख्ख्या गावाच्या पंगती उठल्या तरी तिची कंबर वाकायची नाही, आणि लोकांनी हे बोलून दाखवलेलं तिला फार आवडायचं. नवरा आकाराम म्हणजे गरीब गाय. घरात शब्द चालायचा तो बायडाबाईचा.

मग धाकटा दीर ज्ञानू गडहिंग्लजकडची बायको करून आला. नाव धोंडुबाई. तिच्या माहेरची सगळी माणसं प्लेगात गेलेली. पोरगी अबोल, बोललीच तर निम्मं कानडी. पण काम असं, की बायडाबाई उठायच्या आत दळण उरकलेलं, गोठा झाडलेला, चूल पेटलेली. जी म्हैस बायडाबाईला लाथ दाखवायची, ती हिच्या हाताखाली डोळे मिटून उभी राहायची.

एक दिवस आकाराम जेवता जेवता म्हणाला, "धाकलीच्या हाताला चव हाय की."

"भाकरीच हाय ती. गिळा गुमान," बायडाबाई म्हणाली. पण पोटात निखारा पडला तो पडलाच.

पुढच्या लग्नात बोलावणं घेऊन आलेली बाई म्हणाली, "औंदा धाकलीला धाडा. तुमास्नी तेवढाच इसावा." बायडाबाईनं हसून मान हलवली आणि ती गेल्यावर घागर अशी आपटली की तिला पोचा आला.

मग ते विहिरीवर घडलं. धोंडुबाई पाणी शेंदायला वाकली आणि एरवी कानामागं घट्ट खोचलेला तिचा पदर घसरला. डोक्यावर केस बोटभर. सवाशीण बाई, आणि केस कापलेले! धोंडुबाईनं झटकन पदर ओढला, पण बायडाबाईनं पाहायचं ते पाहिलं होतं.

दोन दिवसांनी गावात बांगड्या भरणारी खतिजा टोपली घेऊन ओट्यावर टेकली. बायडाबाईनं तिच्यापुढं हात केला आणि आवाज खाली आणला.

"खतिजाबी, माझ्या घरात हडळ नांदतीया."

"या अल्ला! कोण?"

"धाकली. हडळीचं केस कापून दडवून ठेवलं की ती बायकू हून राबती म्हंत्यात. भावजींनी तेच केलंय. उगं न्हाय बैलावानी राबत. तिला केस गावलं की जाईल आपल्या झाडावर."

खतिजाच्या टोपलीबरोबर ती गोष्ट सगळ्या गल्ल्या हिंडली. बाया धोंडुबाईच्या वाटेतून बाजूला व्हायला लागल्या. हळदीकुंकवाला तिला कुणी विचारलं नाही. बायडाबाईला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

पण एका बाईचं तान्हं रडायचं थांबेना. अंगारे झाले, उतारे झाले. शेवटी कुणीतरी म्हणालं, भुताला भूतच भितंय, हडळीच्या वटीत घाल. घाबरत घाबरत ती आली. धोंडुबाईनं पोर पोटाशी धरलं, कानडीत काहीबाही गुणगुणली, आणि पोर झोपलं.

झालं. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, पुढच्या आठवड्यात ओसरी भरली. कुणाला मुंजा दिसलेला, कुणाला पाणवठ्यावरच्या आसरांनी धरलेलं. धोंडुबाई म्हणायची, "मला काय येत न्हाय वो." बाया ऐकायच्या नाहीत, तिच्यापुढं नारळ ठेवायच्या, वाकून नमस्कार करायच्या. इतकी वर्षं राबून बायडाबाईला कुणी असं वाकलं नव्हतं. जिला काळं फासायला गेली, तिला गावानं टिळा लावला होता.

तिच्या मनात एकच घोळायला लागलं. केस शोधायचे आणि धोंडुबाईच्या हातात द्यायचे, म्हणजे जाईल. आपणच उठवलेली आवई, पण आता ती तिलाही खरी वाटत होती. एका दुपारी घरात कुणी नाहीसं बघून तिनं ज्ञानूचं अंथरूण उसकटलं, आढ्याला हात घातला, कणगीत कोपरापर्यंत हात खुपसला.

"काय शोधताय, आक्का?"

दारात धोंडुबाई उभी होती. बायडाबाईच्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "तुजं केस."

 धोंडुबाई उंबऱ्यावर बसली.

"ताप डोस्क्यात गेलता. आईनं इळीनं कापलं केस. मी उठले, ती न्हाय उठली. कुटं टाकलं, कुणाला इचारू? तुमास्नी गावलं तर मलाच द्या."

बायडाबाईला तिथं उभं राहवेना. ती तडक विहिरीवर गेली आणि भरल्या बायांत म्हणाली, "धाकली हडळ न्हाय. म्याच उठवलंतं ते. जळत हुते म्हणून."

बाया कुजबुजत पांगल्या. घरी परतताना खतिजा आडवी आली. "अगं, बाया काय म्हंत्यात ठाव हाय? हडळीनं थोरलीचं बी डोस्कं फिरवलं म्हंत्यात. जबरच दिसतीया!"

बायडाबाईनं कपाळाला हात लावला.

पुढं दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या. धोंडुबाईचे केस वाढून कमरेखाली आले, तरी ओसरीवरची गर्दी हटली नाही. बायडाबाई म्हातारी झाली. तिचा नातू तापानं फणफणला तेव्हा तीही त्याला कडेवर आणि पदराखाली नारळ घेऊन त्या गर्दीत उभी राहिली.

"आक्का, तुमी कशाला उभ्या? या की आत," धोंडुबाईनं हाक मारली.

बायांनी बाजूला होऊन वाट दिली, ती धोंडुबाईच्या एका शब्दासरशी. तेही बायडाबाईला टोचलं. नातवाला सावरून घेत ती आत गेली.