तिचे थांबे

कुजबुजकाकांचा उभा जन्म विंगेतल्या स्टुलावर गेला. नाटक मंडळीत ते प्रॉम्प्टर. नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच त्याच्या कानी घालायचं, हे त्यांचं काम. "विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ज्याला ओळखता येतं तो प्रॉम्प्टर," असं ते ऐटीत सांगत. टाळ्या भल्याभल्यांनी घेतल्या, लाज काकांनी राखली.

संध्याकाळचा खेळ संपला की काकू मागच्या दाराशी हजर. मग दोघं चालत घरी. काका झपझप पुढे, काकू रमतगमत मागे. बटणांचं दुकान, चष्मेवाल्याची काच, मांजर बसायची तो कट्टा, सगळीकडे काकू हटकून थांबायच्या आणि वर काकांनाच ओरडायच्या, "अहो, गाडी सुटतेय का तुमची?"

काकू गेल्या आणि काकांचं चालणंही गेलं. स्टूल आधीच सुटलं होतं, आता खुर्ची धरली. पायांना मुंग्या येऊ लागल्या, साखर चढत गेली.

"जेवल्यावर चाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाय चालले की ते रक्तातली साखर वापरतात. वेग असा ठेवा, की बोलता यावं पण गाता येऊ नये."

"गाता मला कधीच आलं नाही," काका म्हणाले.

सोबत आलेली लेक काही हसली नाही. "बाबा, पुढच्या तपासणीत साखर उतरली नाही, तर घराला कुलूप आणि तुम्ही माझ्या गावी!"

काकांनी ताडलं, घर सुटलं तर काकूंबरोबरचा तो रस्ताही सुटणार. दुसऱ्या दिवसापासून मोजे-बूट चढवून, साखर एकदम उतरलीच तर म्हणून खिशात चार गोड गोळ्या टाकून, ते जेवण झालं की नाट्यगृहापर्यंत जाऊन येऊ लागले. एक दिवस चुकवला नाही. तरी साखर ढिम्म हलेना.

"खरंच चालता ना?" लेकीनं फोनवर दरडावलं.

"चांगला तासभर! शेजाऱ्यांना विचार."

शेवटी ती स्वतःच पिशवीत कुलूप घेऊन आली आणि जेवण झाल्यावर त्यांच्याबरोबर निघाली. बटणांच्या दुकानाशी बाबा थांबले. शिंपल्यांची बटणं बघत राहिले. पुढे चष्मेवाल्याशी थांबले. कट्ट्याशी तर मांजर गेलेली असूनही उभे राहिले. तासाभराच्या चालण्यात चालणं जेमतेम चिमूटभर!

"बाबा, विसरलात की थांबलात?"

"थांबलो. ती मागे राहते ना गं. जन्मभर पुढे पळालो, आता तरी..."

पुढचं वाक्य त्यांना सुचेना. लेक वाकली आणि त्यांच्या कानाशी कुजबुजली, "अहो, गाडी सुटतेय का तुमची?"

काकांनी डोळे पुसले.

"तुम्ही पुढे गेल्याशिवाय आई हे म्हणणार कशी?" ती म्हणाली.

काका निघाले. पहिल्या दिवशी दुकान ओलांडताना मान वळली, पण पाय थांबले नाहीत. पुढच्या तपासणीत साखर चांगली उतरली. मुंग्या कमी झाल्या, झोपही लागू लागली. "चालणं सोडलंत तर पुन्हा चढेल हं," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. कुलूप लेकीच्या पिशवीतून परत गेलं.

अजूनही काका रोज नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी पायरीवर टेकतात. बूट काढून, कुठे जखम नाही ना, म्हणून पाऊल नीट न्याहाळतात, शेजारची जागा मोकळी ठेवतात. मग घराकडे झपझप. वाटेत कुठेही थांबत नाहीत. कान तेवढे मागे ठेवतात.